चार नंबरवरचा राजा

१

नंदाबाई कटरे यांच्या अंजूचं लग्न ज्या वैशाखात झालं, त्याच सालच्या दिवाळीनंतर हे घडलं. साल २०२३. लग्नात सौंदडचे व्याही भर पंगतीतून रुसून उठले होते. नंदाबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि इकडचं तिकडचं विचारत रुसण्याचं खरं कारण त्यांनी बाहेर काढलं. भांडण कढीवरून दाखवलं जात होतं, पण खरा राग बँडवाल्यावर होता. व्याह्यांच्या आवडीचं गाणं त्यानं वाजवलं नव्हतं. गाणं वाजलं आणि पंगत पुन्हा बसली. बाई पोलीस पाटील झाली ती उगाच नाही, असं त्या दिवसापासून गाव म्हणू लागलं.

बेहळीटोला हे गाव गोरेगाव तालुक्यात, चारी बाजूंनी धानाच्या बांध्यांमध्ये, भातखाचरांमध्ये, बसलेलं. दिवाळी झाली की तिथे मंडई भरते. दुकानं लागतात, लेकी-जावई येतात आणि संध्याकाळी दंडार होते. दंडार म्हणजे गावच्याच माणसांनी बसवलेलं गाण्याबजावण्याचं नाटक. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका दंडारीचं नाव पंचक्रोशीत झालं होतं. तिच्या कलाकारांचा एक फोटो दुर्गाप्रसाद पटले यांच्या घरी भिंतीवर होता. मंडई समितीनं ठरवलं की तो मोठा करून मंचावर लावायचा, प्रत्येकावर नंबर टाकायचा, खाली नंबराप्रमाणे नावं द्यायची आणि ज्याच्या त्याच्या घरच्यांना बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं.

मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी गोंदियाहून फ्लेक्स आला. चावडीसमोर चौघांनी धरून तो उलगडला. समितीचे अध्यक्ष दुर्गाप्रसाद चष्मा सावरत पुढे झाले, नावं वाचली, वर पाहिलं, पुन्हा नावं वाचली आणि कपाळावर हात मारून ओरडले.

"अरे बाप्पा! माया बापाले लुगडं नेसवलं!"

सगळे पुढे वाकले. फोटोत मधोमध तलवार घेऊन उभा असलेला राजा, चार नंबर. त्याच्या शेजारी नाकात नथ, डोक्यावर पदर घेतलेली राणी, सात नंबर. त्या काळी दंडारीत बायांची कामं पुरुषच करायचे. राजा झाले होते दुर्गाप्रसादांचे वडील भैयालाल पटले आणि राणी झाले होते गोंडटोलीतले हिरालाल उईके. सारं गाव हे जाणून होतं. पण फ्लेक्सवर लिहिलं होतं, चार म्हणजे हिरालाल उईके आणि सात म्हणजे भैयालाल पटले.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा हसला. दुर्गाप्रसादांनी स्वतःच फ्लेक्स गुंडाळून काखेत मारला.

"नंदाबाई," ते म्हणाले, "ही चूक नाही. ही चोरी आहे. राजाची चोरी!"

२

चावडीत तिघं बसले. दुर्गाप्रसाद, नंदाबाई आणि शाळेचे लीलाधर गुरुजी. फोटोतल्या नऊ जणांपैकी आज भैयालालबाबाच तेवढे हयात होते. त्यांनी खाटेवर बसून नावं सांगितली होती आणि गुरुजींनी ती गोरेगावच्या चंचलला कळवली होती. चंचलचं फोटोचं आणि ऑनलाईन कामांचं दुकान. फोटोवर नंबर टाकणं, नावं बसवणं हे तिनंच कॉम्प्युटरवर केलं होतं.

"मी बरोबरच सांगितलं होतं," गुरुजी घाईनं म्हणाले. ते वर्ध्याकडचे, आठ वर्षांपूर्वी बदलून आलेले. "हा पाहा ना पुरावा. तिनं आधी नमुना पाठवला होता. आपल्या ग्रुपवर साऱ्यांनी पाहिला आहे."

नंदाबाईंनी मोबाईल हातात घेतला. नमुन्यात चार भैयालाल होते आणि सात हिरालाल. म्हणजे नमुना पाठवल्यावर आणि फाईल प्रेसला जाण्याआधी कोणीतरी हात मारला होता.

"कोणी म्हणून का विचारता?" दुर्गाप्रसाद तडकले. "शामकला! हिरालालची बायको. बाजाराच्या दिवशी तिले चंचलच्या पायरीवर बसलेली मी या डोळ्यांनं पाह्यली. नवऱ्याले राजा करून घेतलं बाईनं, आन् माया बापाले राणी. उद्या पाहुण्याराहुण्यांसमोर मी कोणतं तोंड दाखवू?"

"तुमचं तोंड चांगलंच आहे, तेच दाखवा," नंदाबाई म्हणाल्या.

"मजाक नोका करू. उद्या मंडई भरायच्या आधी तिनं साऱ्यांसमोर कबूल केलं तर ठीक. नाही तर फ्लेक्स लागत नाही, आन् हिरालालचं नाव मंचावरून कोणी घेत नाही. माया समितीत तरी नाही."

नंदाबाई फ्लेक्स पुन्हा उलगडत होत्या. नमुना आणि फ्लेक्स शेजारी शेजारी धरून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. नंबर लाल गोलात पांढऱ्या अक्षरात होते. नमुन्यात नऊच्या नऊ गोल माणसांच्या पायांशी होते, जिथे कोणाचं काही झाकत नाही तिथे. फ्लेक्सवर सात गोल तसेच पायांशी होते. पण चारचा गोल राजाच्या तलवार धरलेल्या हातावर चढून बसला होता आणि सातचा राणीच्या कोपराखाली.

"गुरुजी, नावंच बदलायची होती तर खालची दोन नावं बदलली की काम झालं. मग हे गोल काऊन हलवले?"

नंदाबाईंनी गाडीची किल्ली उचलली.

३

शामकलाबाई उईके अंगणात मोहाच्या झाडाखाली सूप घेऊन बसल्या होत्या. सत्तरीच्या, काटक, बोलताना डोळे बारीक करून हसणाऱ्या.

"या पाटीलबाई. ऐकलं मी. मी राजा चोरला म्हणते दुर्गाप्रसाद."

"चोरला का?"

"कुठं लपवू? कोठीत तर धान आहे." त्या हसल्या, पण हात थांबला होता. "चंचलच्या पायरीवर बसली होती, ते खरं आहे. राशनसाठी अंगठा लावायचा होता. तिच्याकडं गर्दी होती, अंगठा लागला नाही, परत आली."

"फोटोचा नमुना पाह्यला होता तुमी?"

"माया मोबाईलमंदी फक्त घंटी वाजते. फोटो-बिटो नाही येत. आन् दुर्गाप्रसादच्या घरच्या भिंतीवरचाही मी कधी पाह्यला नाही. आमी कायले जातो त्याच्या बैठकीत?"

"हिरालालभाऊ काय सांगत होते? दंडारीत ते कोण होते?"

शामकलाबाईंनी सुपातला एक खडा वेचून लांब फेकला. "ते म्हणत, मी राजा होतो."

नंदाबाई सुपाशेजारी खाली बसल्या. शामकलाबाई पुढे बोलल्या. आवाज खाली गेला होता.

"बाई, माणूस गेला तवा घरात एक फोटो नव्हता. लग्नात कोण काढत होतं? राशनकार्डावरचा होता, तो पावसात गेला. मले वाटलं उद्या पाहीन. जवानीतला चेहरा. राजा राहो का कोणी राहो. दुर्गाप्रसादले सांगा, पाहिजे तर मी पाया पडतो, पण केलं नाही ते केलं म्हणणार नाही. आन् फोटो मात्र लावू दे म्हणा."

नंदाबाई उठल्या. एखाद्याला उगाच चूक अंगावर घ्यायला लावून भांडण मिटवता आलं असतं. पण ही बाई खोटं कबूल करणार नव्हती, आणि खरं काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

४

चंचल दुकानात एकटीच होती. नंदाबाईंना पाहताच तिनं खुर्ची पुढे केली आणि बोलायला तोंड उघडलं, तर गळ्यातून नुसती खरखर निघाली.

"काय झालं ग गळ्याले?"

"सर्दी झाली, काकू."

नंदाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. नाक कोरडं, डोळे स्वच्छ, खोकल्याचं नाव नाही. नुसता आवाज बसलेला, मंचावर रात्रभर गाणाऱ्याचा बसतो तसा.

"फाईल कोणी बदलली, चंचल?"

"मीच बदलली." पोरगी सरळ होती. "पण कोणाच्या सांगण्यावरून ते विचारू नका. मले शपथ घातली आहे. पैसा घेतला नाही, एक पैसाही नाही. वाईटासाठी केलं नाही एवढंच सांगतो. आता पस्तावून राहिली मी."

"शपथ मोडू नको. मले फक्त फोटो दाखव."

चंचलनं फाईल उघडली. पडद्यावर राजा आणि राणी आले, अंगावर लाल गोल घेऊन.

"हे गोल काढले तर खालचं गेलं असेल ना पुसून?"

"नाही काकू. फोटोवर काच ठेवली समजा. गोल त्या काचेवर आहेत. काच बाजूले केली की फोटो जसाच्या तसा." तिनं एका डोळ्याच्या चित्रावर क्लिक केलं आणि सगळे गोल एकदम नाहीसे झाले.

"आता राजाचा हात मोठा कर."

हात पडदाभर झाला. तलवारीच्या मुठीवर चार बोटं वळलेली. पाचवं, करंगळीचं, काडीसारखं ताठ बाहेर.

"आता राणीचा."

राणीच्या हातावर, बांगड्यांच्या वर, काळ्या गोंदणाचा एक विंचू होता. नांगी वर केलेला.

नंदाबाई मागे टेकल्या. गोल शोभेसाठी हलवले नव्हते. ज्यानं ते हलवले, त्याला त्यांच्या खाली काय आहे हे नेमकं ठाऊक होतं, आणि ते कोणाच्या तरी नजरेला पडू द्यायचं नव्हतं.

"गोल इथं आण, हे कोणी बोट ठेवून दाखवलं?"

चंचलनं फाईल बंद केली.

"बरं. मीठ घालून गरम पाणी पी," नंदाबाई म्हणाल्या. "आन् एवढं ओरडत नोको जाऊ."

चंचलचे डोळे मोठे झाले. "तुमाले कोणी सांगतलं मी ओरडली म्हणून?"

५

पटल्यांच्या ओसरीत भैयालालबाबा खाटेवर बसून चहा पीत होते. ऐंशी वर्षांचं अंग, पण मिशी अजून राजाची. सुनेनं नंदाबाईंनाही कप दिला.

"बाबाजी, तब्येत कशी आहे?"

"हां?"

"तब्येत!"

"म्हैस? म्हैस विकली पोरानं."

"कानाच्या मशीनले काय झालं?" नंदाबाईंनी कानाकडे बोट दाखवत विचारलं.

बाबांनी उशाखालून मशीन काढून दाखवली. "बॅटरी संपली."

आतून सून म्हणाली, "त्याचसाठी तर बाजाराच्या दिवशी गुरुजींच्या मोटरसायकलवर गोरेगावले गेले होते. गुरुजी शाळेच्या कामाले गेले, आन् हे बॅटरीच न घेता परत आले. म्हणे, विसरलो."

नंदाबाई चहाचा घोट घेत बाबांच्या हाताकडे पाहत राहिल्या. कप धरलेल्या हाताची करंगळी ताठ बाहेर होती. लहानपणी बैलगाडीच्या जुवात सापडलेली, तेव्हापासून ती वळत नव्हती. गावातल्या प्रत्येकानं ती रोज पाहिली होती, आणि म्हणूनच कोणी कधी पाहिली नव्हती.

नंदाबाईंनी गुरुजींना आणि दुर्गाप्रसादांना बोलावून घेतलं आणि त्या ओसरीच्या खालच्या पायरीवर बसल्या.

"आता ऐका. फ्लेक्स कोणाले फसवायले बदलला? गावाले? गावानं नमुना पाह्यला आहे, आन् राजा कोण होता हे साऱ्यांले पाठ आहे. मग नमुना कोणी नाही पाह्यला? जिच्या मोबाईलमंदी फोटो येत नाही, तिनं. जी तुमच्या बैठकीत कधी आली नाही, तिनं. शामकलाबाईनं. गोलाखाली काय आहे? एकाखाली ताठ करंगळी, तुमच्या बापाची. दुसऱ्याखाली विंचवाचं गोंदण. ते मी हिरालालभाऊच्या हातावर पाह्यलं आहे. चेहऱ्यावर रंग फासला होता, मिशा चिकटवल्या होत्या, चेहऱ्यानं ओळखू येणार नाहीत. पण नवऱ्याचा हात बायको ओळखते. म्हणून हात झाकले. दुर्गाप्रसादजी, शामकलाबाईनं हे केलं नाही. हे कोणीतरी तिच्यासाठी केलं."

"कोण?" दुर्गाप्रसादांचा आवाज अर्धा झाला होता. "गुरुजी?"

"मी?" गुरुजी दचकले.

"गुरुजी आले त्याच्या चार वर्षं आधीच हिरालालभाऊ गेले. विंचू यांले कुठून माहीत? करंगळी अन् विंचू दोन्ही माहीत असणारं माणूस पाहिजे. आन् चंचलचा गळा पाहा. त्या पोरीले सर्दी नाही. गळा ओरडून ओरडून बसला आहे. तिच्यासमोर बसलेल्या माणसाले ऐकू येत नव्हतं. बाजाराच्या दिवशी या घरातून कोण गोरेगावले गेलं, आन् ज्या कामाले गेलं ते काम न करता आलं?"

दुर्गाप्रसाद हळूहळू वळले. खाटेवर त्यांचे वडील बशीत चहा ओतत होते.

६

मोठी पंचाईत पुढे झाली. गोष्ट गुपचूप विचारायची होती आणि विचारायची होती बहिऱ्या माणसाला.

"बाबा," दुर्गाप्रसाद कानाशी वाकले, "नंबर तुमी बदलले का?"

"हां?"

"नंबर! फोटोचे!"

"जोरानं बोल!"

"फोटोचे नंबर तुमी बदलले का!" दुर्गाप्रसाद असे ओरडले की समोरच्या घरची माणसं दारात आली.

बाबांनी बशी खाली ठेवली. बहिरा माणूस स्वतःही मोठ्यानंच बोलतो. "बदलले! मग? राजा मी होतो, मायं राज्य मी ज्याले पाहिजे त्याले देईन! हिरालालले सालेकशाकडची पोरगी सांगून आली. तो रडत आला, म्हणे, भैया, मी लुगडं नेसतो हे कळलं तर पोरगी देत नाहीत. मी पाहुण्यांसमोर सांगतलं, हा आमचा राजा! जन्मभर तो तेच सांगत राह्यला. मरताना मले म्हणे, तिले कळू देऊ नोको. मी शब्द देला. त्या दिवशी गुरुजीसमोर, या पोरासमोर खरी नावं तोंडातून निघून गेली. मग झोप नाही. गेलो, अन् बदलून आलो. एक दिवस मी नेसलो लुगडं, तर काय बिगडते?"

दुर्गाप्रसाद खाटेशेजारी खाली बसले.

"आन् तुले सांगतलं असतं तर तू करू देला असता?" बाबांनी विचारलं.

तेवढ्यात फाटकाशी हालचाल झाली. शामकलाबाई उभ्या होत्या. दुर्गाप्रसादांच्या पाया पडून फोटोपुरती विनवणी करावी म्हणून त्या आल्या होत्या, आणि त्यांनी अथपासून इतिपर्यंत सगळं ऐकलं होतं. त्या एकट्यांनीच का, अर्ध्या गावानं ऐकलं होतं.

नंदाबाई झटकन उठल्या. शामकलाबाई आत आल्या, ओसरीच्या खांबाला धरलं आणि पदर तोंडाला लावला. खांदे हलू लागले. सुनेनं पाणी आणलं. मग पदर बाजूला झाला आणि दिसलं की बाई हसत होत्या.

"भैयाजी," त्या बाबांच्या कानाशी येऊन ओरडल्या, "मले पह्यल्या सालापासून माहीत होतं!"

"हां?"

"माहीत होतं म्हणते! लग्नाच्या चार दिवसांनी मी लुगडं नेसून राहिली होती, तर म्हणे, असं नाही, निऱ्या अशा घ्यायच्या. माया मायनं नाही शिकवलं एवढं त्यानं शिकवलं. कोणता राजा निऱ्या घेते वो?"

ओसरी खदखदली. गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"मग बोलली काऊन नाही?" बाबा म्हणाले.

"तो राजा म्हणून मिरवून राहिला होता, मिरवू देलं. पण तुमी दोघं येडे. माया बापानं त्याले आधीच पाह्यलं होतं. दवनीवाड्याच्या मंडईत, राणीच्याच सोंगात. राणीचं पोरगं मरते आन् ती रडते, तो प्रवेश. बाप घरी येऊन म्हणे, जो माणूस बाईचं दुःख असं रडून दाखवते, तो आपल्या पोरीवर हात उचलणार नाही. म्हणून तर देली मले. राजाले देतच नव्हता!"

हे सगळं त्यांना दोनदा ओरडून सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज मध्येच फाटला आणि त्या खाटेच्या कडेला बसल्या. बाबांनी आपली ताठ करंगळी उचलून डोळ्याच्या कोपऱ्याला लावली.

"उचलला का कधी हात?" त्यांनी विचारलं.

"एकदाही नाही," शामकलाबाई म्हणाल्या. मग दुर्गाप्रसादांकडे वळल्या. "अध्यक्षसाहेब, मले राजा नको. माया माणूस राणी होता, राणीच लिहा. आन् त्याच्या हातावरचा तो गोल काढा. मले विंचू पाह्यचा आहे."

७

नवा फ्लेक्स गोंदियाहून यायला वेळ नव्हता. दुर्गाप्रसाद स्वतः मोटरसायकलवर गोरेगावला गेले आणि चंचलला मागे बसवून घेऊन आले. तिनं दोन नावांच्या चिकटपट्ट्या छापल्या होत्या. शिवाय नंबरांशिवायच्या फोटोतले दोन तुकडे फ्लेक्सच्याच मापात काढून आणले होते, एक राजाच्या मुठीचा आणि एक राणीच्या हाताचा. फ्लेक्स चावडीत जमिनीवर पसरून तिनं ते तुकडे लाल गोलांवर असे बसवले की बोट फिरवल्याशिवाय जोड कळेना. नवे गोल पायांशी लावले. दुर्गाप्रसाद गुडघ्यांवर बसून कडा दाबत होते.

"शामकलाबाई," मान वर न करता ते म्हणाले, "मी लय बोललो. चुकलं मायं."

"चुकलं तर नीट दाब, तो कोपरा उठून राहिला," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मंडई दणक्यात भरली. जिलबी, पाळणा, बांगड्यांची दुकानं आणि मधोमध मंच. सात नंबर पुकारला तेव्हा शामकलाबाई वर गेल्या. शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला, तरी त्या खाली उतरेनात. फ्लेक्सच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. नथ घातलेला, पदर घेतलेला, बावीस वर्षांचा त्यांचा नवरा त्यांच्याकडे पाहत होता. त्यांनी विंचवावर हात ठेवला.

"किती चांगला दिसून राहिला वो," त्या नंदाबाईंना म्हणाल्या. "मायापेक्षा चांगला."

माईक चालू होता. सारी मंडई हसली आणि मग टाळ्या पडल्या. पुढच्या खुर्चीत बसलेल्या भैयालालबाबांना काय झालं ते कळलं नाही, पण सगळे वाजवतात म्हणून तेही टाळ्या वाजवू लागले.

मंडई उठल्यावर फ्लेक्स दुर्गाप्रसादांच्या बैठकीत जायचा होता. दुर्गाप्रसादांनीच तो गुंडाळून शामकलाबाईंच्या घरी नेऊन दिला. त्यांच्या मातीच्या भिंतीवर तो पूर्ण मावत नव्हता, म्हणून दोन्ही टोकं वळवून मधला भाग समोर ठेवला. राजा आणि राणी.

हिरालाल उईके २०११ च्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी वारले. भैयालाल पटले २०२४ च्या मार्चमध्ये, होळीच्या चार दिवस आधी, दुपारच्या झोपेत वारले.